नवीन प्रोसेसरसाठी बिल्ड स्क्रिप्टमध्ये (सोर्स कोडपासून प्रोग्राम बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) नुसती एक केस, म्हणजे त्या प्रोसेसरच्या नावाची अट, वाढवून भागतं का?

लिंकरवाला:
आर्म६४ किंवा रिस्क-व्ही या प्रोसेसरना सपोर्ट द्यायचा म्हणजे स्क्रिप्टमध्ये जिथे एक्स८६_६४ (नेहमीचे इंटेल-एएमडी प्रोसेसर) लिहिलंय त्याच्या खाली अजून एक नाव चिकटवायचं, हे आता बंद व्हायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. मुळात नावच एक नाही, त्याच आर्मला लिनक्सवर युनेम (प्रोसेसरचं नाव सांगणारी कमांड) एआर्च६४ सांगतं, मॅकवर आर्म६४, आपण एकच तपासलं की दुसरीकडे स्क्रिप्ट गुपचूप डिफॉल्टमध्ये जाते आणि एम६४ फ्लॅग (६४-बिट कोड बनवायला सांगणारा पर्याय) लावते, जो आर्मचा जीसीसी कंपाइलर ओळखतच नाही. नाव विचारूच नका, कंपाइलरला विचारा की हा फ्लॅग चालतो का. लिबअ‍ॅटॉमिक या लायब्ररीचंच घ्या, रिस्क-व्हीवर एका बाइटच्या अ‍ॅटॉमिक (मध्येच न तुटता एका दमात होणाऱ्या) ऑपरेशनसाठी ते लिंक करावं लागायचं, जीसीसी १३ पासून कंपाइलर तो कोड स्वतःच आत टाकतो. प्रोसेसर तोच, उत्तर वेगळं, मग केसमध्ये लिहिणार काय?

जुनी_मेकफाइल:
अजिबात पटलं नाही. क्रॉस कंपाइल करताना, म्हणजे एका प्रोसेसरच्या मशीनवर दुसऱ्यासाठी बिल्ड करताना, तुमच्या चेकने बनवलेला प्रोग्राम बिल्ड मशीनवर चालतच नाही, मग स्क्रिप्ट एकतर अंदाज बांधते नाहीतर थांबते. चार ओळींचा पॅच मेंटेनर लगेच वाचून घेतो, अख्खं कॉन्फिगर (बिल्डआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) नव्याने लिहून पाठवा, पडून राहील. आणि कितीतरी प्रोजेक्टमध्ये खरं दुखणं एवढंच असतं की सोबतच्या कॉन्फिग.गेस आणि कॉन्फिग.सब या मशीनचं नाव ओळखणाऱ्या फाइली आर्म६४ येण्याआधीच्या आहेत. त्या बदला, बिल्ड पुढे सरकतं. डेबियन या लिनक्सने तर पॅकेज बनवताना ऑटोरीकॉन्फ (बिल्डच्या अशा फाइली नव्याने बनवणारं टूल) डिफॉल्ट करून टाकलं.

लिंकरवाला:
फाइली बदलायच्या हे मान्यच. पण चेक म्हणजे प्रोग्राम चालवणंच असं कोण म्हणतं? साइझऑफसुद्धा (एखादा टाइप किती बाइटचा ते) नुसतं कंपाइल करून काढता येतं, अट खोटी असेल तर अ‍ॅरेची साइझ निगेटिव्ह होते आणि कंपाइलर एरर देतो, कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणारं ऑटोकॉन्फ क्रॉस बिल्डमध्ये हेच करतं.

बाइट_बाय_बाइट:
तुम्ही दोघं बिल्ड पास होण्यावरच अडकलाय, माझी भीती त्याच्या पुढची आहे. लिनक्सवर आर्ममध्ये नुसता कॅर (सीमधला एका बाइटचा टाइप) अनसाइन्ड असतो, म्हणजे त्यात उणे आकडा मावत नाही, मग एक अक्षर वाचणाऱ्या गेटकॅरचं उत्तर कॅरमध्ये ठेवून ईओएफशी (फाइल संपल्याची खूण, उणे आकडा) ताडून बघणारा लूप तिथे कधी संपतच नाही, बिल्ड मात्र हिरवं. जेमॅलॉक (मेमरी वाटून देणारी लायब्ररी) पेज साइझ (मेमरीच्या एका तुकड्याचं माप) बिल्डच्या वेळीच ठरवतं, ४ केबीच्या मशीनवर बनवलेलं ६४ केबीच्या कर्नलवर चालत नाही. आणि आर्मचं मेमरी ऑर्डरिंग (मेमरीत लिहिलेलं दुसऱ्या कोअरला कोणत्या क्रमाने दिसतं ते) सैल असतं, तिथले लॉकचे बग एक्स८६वर क्यूएमू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम) लावून टेस्ट केलं तरी लपून राहू शकतात. खऱ्या हार्डवेअरवर टेस्ट चालल्याशिवाय 'सपोर्ट आहे' असं लिहूच नये.

जुनी_मेकफाइल:
मग बहुतेक छोट्या प्रोजेक्टना कधीच सपोर्ट मिळणार नाही, प्रत्येक व्हॉलंटियरकडे बोर्ड कुठून येणार? प्रायोगिक म्हणून सोडा, वापरणारे बग कळवतील की.

बाइट_बाय_बाइट:
डेटाच खराब झाला तर कळवणार कधी? आपलं लिहिलेलं चुकीचं वाचलं जातंय हे माणसाला फार उशिरा कळतं. प्रायोगिक हा शब्द इन्स्टॉल करताना कोणी वाचत नाही.

लिंकरवाला:
पेज साइझचं तर माझ्याच बाजूने आहे, रनटाइमला (प्रोग्राम चालताना) सिसकॉन्फ या फंक्शनला विचारता येत असेल तर बिल्डमध्ये गोठवायची कशाला. एका जागी मात्र नाव लागतंच, हाताने लिहिलेली असेंब्ली (थेट त्या प्रोसेसरच्या सूचनांचा कोड) असेल तिथे. फक्त त्या यादीत नसलेल्या प्रोसेसरला एरर देऊन हाकलू नका, साधा सी कोड ठेवा, हळू चालेल पण चालेल, म्हणजे पुढचं नवीन आर्किटेक्चर आलं की स्क्रिप्टला हातसुद्धा लावावा लागणार नाही.