'प्रतिस्पर्धी' सहकारी आणि चढाओढीतली 'ओढ'

प्रश्न : एका प्रेमकथेचा अनुवाद करते आहे. पुस्तकांच्या दुकानात काम करणारे दोघं. बढतीची जागा एकच आणि दोघांचाही तिच्यावर डोळा. नाताळच्या गर्दीत दोघांना खांद्याला खांदा लावून राबावं लागतं आणि तिथेच त्यांचं जमतं. 'प्रतिस्पर्धी' लिहिलं की निवडणुकीतले उमेदवार डोळ्यांपुढे येतात. 'वैरी' फारच जहाल वाटतं. शिवाय दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर कुठे आणावेत, हेही अडलं आहे.

उत्तर : 'प्रतिस्पर्धी' हे नामच टाळून पाहा. माणसाला नाव चिकटवण्यापेक्षा दोघांच्यात काय चाललंय ते सांगणं मराठीला जास्त मानवतं. 'त्यांच्यात चुरस होती', 'ती ईर्षेला पेटली', 'तो खुन्नस धरून होता'. यांच्या छटा वेगळ्या आहेत. चुरशीत दोघं तुल्यबळ लागतात, आणि ती बाहेरून बघणाऱ्यालाही जाणवते. ईर्षा माणसाला कामाला लावते. खुन्नस मात्र मनात धरलेली असते आणि नजरेतून दिली जाते, म्हणून ती पहिल्या दोन-तीन प्रकरणांपुरतीच ठेवा. पुढे प्रेम पटणं अवघड जाईल.

तुमच्या कथेसाठी मला सगळ्यांत आवडेल तो शब्द 'चढाओढ'. चढणं आणि ओढणं, दोन्ही त्यात आहेत. आणि 'ओढ' एकटी उरली की तिचा अर्थ पालटतो : 'त्याची ओढ लागली'. इतकं सुंदर शब्दाच्या पोटातच असताना बाहेरून काही आणायची गरज नाही. फक्त ते वाचकाला समजावून सांगू नका. आधी चढाओढ येऊ द्या, शंभरेक पानांनी नुसती ओढ. ज्याला दिसायचं त्याला दिसेल.

'छत्तीसचा आकडा'ही चालेल. ३६ लिहून बघा, ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. ६३ लिहिलं की समोरासमोर येतात.

आता 'तू'चं. 'एकेरीवर येणे' हा वाक्प्रचार आपण भांडणासाठी वापरतो, आणि जवळीक होते तीही एकेरीतच. म्हणजे या दोघांना 'तू'पर्यंत न्यायला दोन वाटा आहेत. मी भांडणाची घेणार नाही. समजा, ती शिडीवर उभी राहून वरच्या फळीत पुस्तकं लावते आहे, तो खालून एकेक देतो आहे.

'तुम्ही उतरा, मी लावतो.'
'नको, तुम्ही नुसती द्या.'
शिडी डुगडुगते.
'अगं, सांभाळ!'

क्षणभराने तो 'सांभाळा' म्हणून सावरून घेईल, पण 'अगं' निघून गेलेलं असेल. घाबरलेल्या माणसाला अहो-जाहो सुचत नाही. मराठीत ही घसरण सर्वनामाच्या आधी हाकेत होते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आणि उपशीर्षक? 'सुट्टीतलं प्रेम' योजलं होतं. तसंच निवेदनात 'ते प्रेमात पडले' चालेल का?

उत्तर : 'सुट्टी' नको. तो शब्द 'सुटणे'वरून आला आहे, आणि हे दोघं तर त्याच दिवसांत कामाला जुंपलेले आहेत. गिऱ्हाइकांना सुट्टी असते तेव्हा दुकानातल्यांचा ऐन हंगाम असतो. 'ऐन गर्दीत' बघा. गर्दी दुकानातलीही आणि मनातलीही.

'प्रेमात पडणे' इंग्रजीच्या वळणाचा आहे, पण आता रुळलाय, वर्ज्य मानू नका. तरी निवेदनात 'जीव जडला' जास्त खोल जाईल, कारण जडायला वेळ लागतो आणि तुमच्या कथेत तो वेळ आहे. 'सूत जुळलं' मात्र निवेदकाच्या तोंडी घालू नका. ते तिसऱ्याने कुजबुजत म्हणायचं असतं; गल्ल्यावर बसणाऱ्या सहकाऱ्याला द्या ते वाक्य.

प्रश्नकर्ती : 'अगं, सांभाळ!' घेतलं. मूळ कथेत तिथे तो नुसतं तिचं नाव घेतो. आता उलटून 'अरे' म्हणायला तिला किती पानं लागतील, ते ठरवते आहे.