क्रॅबेटचे अरबी घोडे: वळू बदलले, घोड्यांच्या ओळी का जपल्या?

लगाम:
इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये क्रॅबेट या तबेल्यात ब्लंट कुटुंबाने 1878 पासून अरबी घोड्यांची पैदास केली. आधी विल्फ्रिड आणि लेडी अ‍ॅन, मग मुलगी लेडी वेंटवर्थ. ती 1957 ला वारली, तबेला 1971 ला बंद झाला. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वाण आईकडून का मोजतात? इतक्या मोजक्या जनावरांत नात्यात घोडे लावत किती जवळ जाता येतं? आणि आज पैदास करणाऱ्याने या घराण्याकडून काय घ्यावं?

चौखूर:
पहिल्याचं उत्तर देतो. बेदुइन (अरबी वाळवंटातले भटके) लोक कुहैलान, सक्लावी, हमदानी ही वाणाची नावं आईवरून देतात, कारण शिंगराची आई कोण यात शंका राहत नाही. लेडी अ‍ॅनने वंशावळीच्या नोंदी बारकाईने ठेवल्या, म्हणूनच आज एकेक ओळ बोट ठेवून दाखवता येते.

एक ओळ पाहा. दजानिया ही घोडी 1877 च्या नाताळात अलेप्पोला घेतली. तिची मुलगी नेफिसा, नेफिसाची नसरा, आणि नसराचा मुलगा नसीम. नेफिसाचा बाप हदबान हा हिंदुस्थानातून घेतलेला होता. तेव्हा मुंबई हा अरबी घोड्यांचा मोठा बाजार होता, इराकच्या बाजूने जहाजांनी घोडे इथे उतरत. नसराचा बाप दाऊद हा मसऊदचा मुलगा. मसऊद कैरोच्या अली पाशा शरीफच्या तबेल्यातला, 1889 ला घेतलेला आणि 1903 ला विकलेला. नसीमचा बाप स्कोव्रोनेक, पोलिश पैदाशीचा, लेडी वेंटवर्थने 1920 ला आणला. नसीम 1936 ला सोव्हिएत रशियातल्या तेर्स्कच्या तबेल्यात गेला. म्हणजे आईची ओळ घरचीच राहिली आणि रक्त दर वेळी बाहेरून आलं. माझ्या मते घराण्याचं खरं कसब इथे आहे.

मात्र वाणाचं नाव म्हणजे रक्त नव्हे. दहाव्या पिढीत 1024 पूर्वज असतात, आणि वाणाची मूळ घोडी त्यातली फक्त एक. नुसतं 'सक्लावी' वाचून पैसे मोजू नका, सगळी वंशावळ वाचा.

खुराक:
नात्याचा हिशेब. चुलत-मावस भावंडांची जोडी लावली तर शिंगराचा अंतःप्रजनन गुणांक (एकाच पूर्वजाचं जनुक आईबाप दोघांकडून येण्याची शक्यता) 6.25 टक्के, सावत्र भावंडांची किंवा आजा-नातीची 12.5, बाप-लेकीची 25. जोडीतले पूर्वज आधीच नात्यातले असतील तर आकडा याच्याही वर जातो. म्हणून तीन पिढ्यांच्या कागदावर थांबू नका, निदान सहा पिढ्या मोजा. जवळचं नातं लावल्याने नवा दोष तयार होत नाही, दोन्ही बाजूंनी लपून आलेला एकत्र येतो.

अरबी घोड्यांत असे तीन दोष मुख्य. पहिला जन्मजात प्रतिकारशक्ती नसण्याचा, म्हणजे स्किड. हा फार फसवतो. शिंगरू जन्मतः धडधाकट असतं, चिकातून मिळालेल्या प्रतिपिंडांवर महिना-दोन महिने बरं दिसतं, मग न्यूमोनिया होतो आणि साधारण पाच महिन्यांच्या आत दगावतं. लोक दोष थंडीला देतात. या आजाराचं वर्णनच 1973 ला झालं आणि जनुकीय चाचणी 1997 च्या सुमाराला आली, तेव्हा जुन्या पैदासकारांकडे तो ओळखायचं साधनच नव्हतं. दुसरा लहान मेंदूचा: बहुधा सहा आठवडे ते चार महिन्यांत मान थरथरते, पावलं उंच आणि वेडीवाकडी पडतात. तिसऱ्यात शिंगराची कातडी-केस फिकट राखाडी-जांभळट दिसतात, मान-पाय ताठ होतात, ते उभंच राहू शकत नाही.

चाचणीला आयाळीचे 20-30 केस मुळासकट उपटून पाठवायचे. कात्रीने कापलेले चालत नाहीत, कारण डीएनए मुळातल्या पेशींतून घेतात. घोडी माजावर यायची वाट पाहू नका, निकाल आधी हातात हवा.

लगाम:
मनापासून आभार. मग वाहक, म्हणजे दोषाचं जनुक एकाच बाजूने आलेली, निघालेली घोडी पैदाशीतून काढायची का?

खुराक:
नाही. वाहक स्वतः निरोगी असते. तिला निर्दोष वळू लावलात तर दर शिंगरामागे वाहक निघण्याची शक्यता निम्मी, आजारी एकही नाही. वाहक-वाहक जोडी लागली तरच चौथा हिस्सा आजारी. सगळ्या वाहक घोड्या एकदम काढल्या तर त्यांच्यासोबत आईच्या ओळीच तुटतात, आणि चौखूर यांनी दाखवलेली दजानियासारखी ओळ एकदा तुटली की परत मिळत नाही. वाहक घोडीची निर्दोष मुलगी मिळाली की ओळ तिच्यावर चालवा.

चौखूर:
त्या मुलीसाठी विण्याच्या रात्रीही जपा. गाभणपणाचे दिवस सुमारे 340, पण 320 ते 365 मध्ये कधीही. शिंगरू तासात उभं राहावं, दोन तासांत प्यावं, तीन तासांत वार पडावी. वार पडायला उशीर झाला तर ओढू नका, डॉक्टर बोलवा, तुकडा आत राहिला की घोडीला खूर सुजण्यापर्यंत त्रास होतो. चिकातली प्रतिपिंडं शिंगराच्या आतड्यातून पहिल्या 24 तासांतच शोषली जातात, म्हणून 18 ते 24 तासांच्या दरम्यान रक्त तपासा. आयजीजी (रक्तातली प्रतिपिंडं) 800 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर हवं. कमी आलं तर तेव्हा चीक पाजून उपयोग नसतो, प्लाझ्मा द्यावा लागतो.