अमेरिकेतली भटकंती : प्लॅन नेमका कुठे फसतो?

अमेरिकेत काय पाहावं यावर ढिगाने लिहिलेलं सापडतं, ते इथे नको. ग्रँड कॅन्यन भव्य आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या जागेची खडान्‌खडा माहिती आहे तिथे काय चुकतं, का चुकतं आणि त्यावर उपाय काय, एवढंच प्रतिसादांत लिहा.

सुरुवात पासपासून करतो. नॅशनल पार्कांचा ८० डॉलरचा वार्षिक पास १ जानेवारी २०२६ पासून फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांना मिळतो आणि त्यासाठी तिथलं सरकारी फोटो ओळखपत्र लागतं. बाहेरून येणाऱ्यांसाठी पास २५० डॉलरचा. पास नसेल तर ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी, झायन धरून ११ पार्कांत १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला नेहमीच्या प्रवेश फीवर आणखी १०० डॉलर पडतात. म्हणजे एकट्या माणसालाही अशी तीन पार्कं करायची असतील तर पास स्वस्त. ६२ वर्षांवरच्यांचा सीनिअर पास फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी असतो, भारतातून आलेल्या आई-बाबांना तो चालत नाही. ज्याच्या नावावर पास आहे तो माणूस गाडीत हवा. पास मित्राकडून मागून आणायची वस्तू नाही.

*

पासचाच पुढचा गोंधळ ग्रँड कॅन्यनला होतो. काचेचा स्कायवॉक नॅशनल पार्कात नाही, तो वालापाई या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर, ग्रँड कॅन्यन वेस्टला आहे. तिथे पास चालत नाही, तिकीट वेगळं. फोटोंत दिसणारं खरं पार्क म्हणजे साउथ रिम (दरीचा दक्षिण काठ), आणि या दोन जागांत चार तासांहून जास्त ड्राइव्ह आहे. लास व्हेगसहून वेस्टला सव्वादोन-अडीच तास लागतात, साउथ रिमला साडेचार. "व्हेगसहून एका दिवसात ग्रँड कॅन्यन" अशी जाहिरात दिसली की आधी कुठला रिम ते विचारा. माझं मत विचाराल तर स्कायवॉक सोडा आणि साउथ रिमला एक रात्र काढा.

साउथ रिमवर हर्मिट रोड १ मार्च ते ३० नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो. व्हिलेजमधून लाल मार्गाची फुकट बस घ्यायची. याकी पॉइंटला तर वर्षभर गाडी नेता येत नाही. व्हिजिटर सेंटरचं पार्किंग सिझनमध्ये सकाळी दहाच्या आत भरतं.

खाली उतरण्याबद्दल एकच सांगतो. आपल्या गडावर आधी दम लागतो आणि मग उतार येतो, इथे बरोबर उलटं. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. साउथ कैबाब वाटेवर पाण्याचा थेंब मिळत नाही. ऊह-आह पॉइंटपर्यंत जाऊन-येऊन १.८ मैल, नवख्यांनी तिथूनच मागे फिरावं. रिम ७,००० फुटांवर आहे, त्यामुळे वर गारवा असतो आणि तळाशी भट्टी.

*

वरच्या प्रतिसादाला जोडून, साउथ रिमहून पेज गावाला अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ पाहायला जाणाऱ्यांसाठी.

इथे माणसं घड्याळामुळे अडकतात. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. युटा करतं. आणि ॲरिझोनाच्या पोटात असलेला नावाहो नेशन, म्हणजे नावाहो मूळनिवासींचा स्वायत्त प्रदेश, तोही करतो. पेज गाव ॲरिझोनाच्या वेळेवर चालतं, पण युटाची हद्द काही मैलांवर आणि नावाहो जमीन लागूनच. त्यामुळे फोन कधी या टॉवरची वेळ पकडतो, कधी त्या. मार्च ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत हा एका तासाचा घोळ असतो. तुमच्या फोनमध्ये ११ वाजलेले असतात तेव्हा पेजमध्ये १० असू शकतात. हे परवडलं, तासभर बसून काढता येतो. खरा फटका उलट्या दिशेला बसतो. पेजच्या घड्याळाने निघून नावाहो जमिनीवरची मॉन्युमेंट व्हॅली गाठलीत की तिथे एक तास पुढे असतो आणि पुढची टूर निघून गेलेली असते. उपाय सोपा आहे: सेटिंगमध्ये आपोआप वेळ बंद करून टाइमझोन फिनिक्स ठेवा, आणि बुकिंग करताना "कोणत्या वेळेनुसार" हे विचारून तिकिटावर लिहून ठेवा.

अँटिलोपला गाइडशिवाय प्रवेश नाही आणि आत बॅग नेऊ देत नाहीत. पाण्याची बाटली, फोन, बस. अपर आणि लोअर असे त्याचे दोन भाग, गुडघे दुखणाऱ्यांनी अपर घ्यावा. लोअरमध्ये उभ्या लोखंडी पायऱ्या आहेत. जवळच्या हॉर्सशू बेंडचं (नदीचं नालेसारखं वळण) पार्किंग पेज नगरपालिकेचं असल्याने पास तिथेही चालत नाही.

*

यलोस्टोन. नकाशावर ग्रँड लूप हा पार्कातला मुख्य रस्ता म्हणजे इंग्रजी आठचा आकडा, १४२ मैल. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ४५ मैल, आणि रस्त्यात बायसन बसले की शून्य. एका दिवसात अख्खा आठ करू नका. खालचा गोल एक दिवस, वरचा दुसरा.

ग्रँड प्रिझमॅटिक या गरम पाण्याच्या रंगीत झऱ्याला भल्या पहाटे जाणारे हमखास नाराज होतात. गार हवेत गरम पाण्याची वाफ इतकी दाट असते की रंग दिसतच नाहीत. ऊन चढल्यावर, अकरा ते दोनच्या दरम्यान जा. आणि फळकुटांच्या वाटेवरून तो निळा-केशरी गोल डोळ्यात मावत नाही. त्यासाठी फेअरी फॉल्सच्या पार्किंगला गाडी लावा, तिथून ०.६ मैलावर थोडं चढून वरचा कट्टा आहे. पहाट लामार खोऱ्यासाठी राखा, लांडगे-अस्वलं तिकडे.

ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्याची पुढची वेळ फलकावर लिहिलेली असते, दहा मिनिटं मागेपुढे. आधी वेळ बघा, मग आइस्क्रीमच्या रांगेत उभे राहा. बायसनपासून २५ यार्ड, अस्वल-लांडग्यापासून १०० यार्ड अंतर हा नियम आहे. हात लांब करून अंगठा धरला आणि प्राणी त्याच्यामागे झाकला गेला नाही, तर तुम्ही फार जवळ आहात. बायसनने शेपूट वर उचललं की फोटो सोडून मागे सरका. अस्वलासाठीचा स्प्रे विमानात चेक-इन बॅगेतही चालत नाही, तिथे पोचूनच घ्यावा.

*

यलोस्टोनलाच कॅम्पिंग करणाऱ्यांसाठी खिचडीची बाब. आठ हजार फुटांवर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी दाणा तसाच. छोटा प्रेशर कुकर न्या, नाहीतर मूगडाळ सकाळपासून भिजत घाला. पोहे, उपमा, शेवया निवांत होतात. जेवण झालं की कुकर, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, एकूण एक वस्तू गाडीत बंद.

पण हीच सवय योसेमिटीला नेऊ नका! तिथे अंधार पडल्यावर गाडीत अन्न ठेवायला बंदी आहे, कारण तिथली अस्वलं गाडीचं दार वाकवतात. चिवडा, लाडू, लोणचं, टूथपेस्ट, बाळाचे वाइप्स, वास येणारं सगळं लोखंडी लॉकरमध्ये. सीटखाली सांडलेली शेवसुद्धा वेचा.

*

योसेमिटीचं आणखी थोडं. धबधबे मे-जूनमध्ये पाहावेत. ऑगस्टमध्ये योसेमिटी फॉल्सच्या जागी बहुतेक ओला डागच उरतो, कारण सगळं पाणी वितळणाऱ्या बर्फाचं. टायोगा रोड साधारण नोव्हेंबरपासून मेअखेर-जूनपर्यंत बंद असतो, तेव्हा पूर्वेकडून पार्कात शिरता येत नाही. दरीत पेट्रोल पंप नाही. क्रेन फ्लॅट, वावोना किंवा एल पोर्टलला टाकी भरा.

पंपावरून आठवलं: मशीन पाच आकडी झिपकोड मागतं आणि भारतीय कार्ड तिथेच अडतं. आत काउंटरवर जाऊन पंपाचा नंबर आणि रक्कम सांगायची. उरलेले पैसे परत मिळतात.

*

झायनला एंजल्स लँडिंग या कड्यावरच्या ट्रेकसाठी एप्रिल २०२२ पासून परमिट लागतं. सिझनची सोडत हुकली तर आदल्या दिवशीची असते. नॅरोज या अरुंद घळीत वाट म्हणजे नदीच. प्रवाह १५० घनफूट प्रतिसेकंदाच्या वर गेला की बंद करतात. काठी आणि निओप्रीन मोजे स्प्रिंगडेलला भाड्याने मिळतात. आपले ट्रेकचे बूट भिजवून पुढचे चार दिवस वाया घालवू नका.

*

शहरांचं थोडक्यात.

न्यूयॉर्कला बॅटरी पार्कबाहेर जाकीटवाले "स्टॅच्यूची फेरी" विकतात. बेटावर उतरवणारी अधिकृत बोट एकच, स्टॅच्यू सिटी क्रूझेसची. पुतळा नुसता पाहायचा तर स्टेटन आयलंड फेरी फुकट आहे, २५ मिनिटं, जाताना उजव्या बाजूला उभे राहा. पलीकडे सगळ्यांना उतरून पुन्हा चढावं लागतं.

सॅन फ्रान्सिस्कोत जुलैत स्वेटर हवाच. गाडीत काचेतून दिसेल अशी रिकामी पिशवीही नको, काच फुटते. जवळच्या म्यूर वुड्स या रेडवुडच्या जंगलाला पार्किंगचं आरक्षण सक्तीचं आणि तिथे फोनला रेंज नाही, तेव्हा आरक्षणाचा स्क्रीनशॉट आधीच काढा. गोल्डन गेट पुलावर रोख टोल नाकाच नाही. शहराकडे येताना टोल आपोआप लागतो आणि भाड्याच्या गाडीवर वर सेवाशुल्कही चढतं.

नायगराला भारतीय पासपोर्टवाल्यांना पूल ओलांडायचा तर कॅनडाचा व्हिसा लागतो. नसेल तर धबधब्याच्या पायथ्याशी नेणारा केव्ह ऑफ द विंड्स करा. तो अमेरिकेच्याच बाजूला आहे, आणि धबधबा अंगावर घ्यायचा तर बोटीपेक्षा तिथेच.