मदत हवी आहे: पाझर असलेल्या कातळावर संरक्षक भिंतीचा पाया

रत्नागिरी जिल्ह्यात उतारावरची जागा आहे. घरामागे डोंगराच्या बाजूला ६० फूट लांब, ८ फूट उंच भिंत घालायची आहे. दोन फुटांवर जांभ्याचा कातळ लागला, पण मध्ये १५ फुटांच्या टप्प्यात पिवळसर चिकट मातीच आहे. दोन पाझर आहेत, चरात डिसेंबरातही पाणी साचतं. गवंडी म्हणतो, पाझर सिमेंटने बुजवू, वर नऊ इंची चिऱ्याची भिंत लावू. चालेल का?

प्रतिसाद १
नाही. पाझर बुजवला की पाणी थांबत नाही, भिंतीमागे चढतं. ८ फूट भिंतीवर कोरड्या भरावाचा (भिंतीमागे भरलेल्या मातीचा) रेटा दर मीटर लांबीला अंदाजे १.७ टन असतो. मागे वरपर्यंत पाणी भरलं तर एकट्या पाण्याचाच २.९ टन, मातीसकट ३.८ च्या आसपास. नऊ इंची भिंत कोरड्या रेट्यालाही पुरत नाही. दगडी भिंत असेल तर तळाला साडेचार ते पाच फूट, माथ्याला दीड फूट रुंदी धरा. अशी भिंतही पाणी तुंबलं तर सरकू शकते, म्हणून निचरा आधी.

प्रतिसाद २
पायाबद्दल. कातळावरचा सुटा थर, गाळ, शेवाळ ब्रेकरने आणि तारेच्या ब्रशने काढा. पहार मारून बघा: पोकळ आवाज आला तर तो सुटा धोंडा आहे, उचलून टाका. उतरत्या कातळावर पाया तसाच टेकवू नका, आडव्या पायऱ्या फोडा आणि तळ डोंगराकडे किंचित कलता ठेवा (१० ला १). पाया सरकू नये म्हणून घट्ट काळ्या कातळात सळया ग्राउट करतात (भोक पाडून सिमेंटच्या पातळ मसाल्याने बसवतात), पण जांभा सच्छिद्र असल्याने सळईची पकड भरवशाची नसते. त्यापेक्षा पायाखाली फूटभर खोल खाच कापून त्यात काँक्रीट भरा.

मातीचा टप्पा हाच खरा धोका. अर्धा पाया कातळावर, अर्धा चिकणमातीवर असला की माती दबते, कातळ दबत नाही, आणि नेमक्या सांध्यावर उभी भेग जाते. आणखी तीन-चार फुटांत कातळ लागत असेल तर तिथवर उतरून १:४:८ (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीट आणि डबर भरून पातळी आणा. खोल असेल तर तो भाग सुटा बांधा, दोन्ही टोकांना इंचभर सांधा ठेवून. किंवा तिथे गॅबियन (दगड भरलेल्या तारेच्या जाळीच्या पेट्या) घाला, थोडं दबलं तरी फुटत नाही.

धागाकर्ता
पाझराच्या जागी पाणी सतत येतं. काँक्रीट कसं टाकायचं?

प्रतिसाद २
साचलेल्या पाण्यात टाकूच नका, सिमेंट धुऊन जातं आणि तळाशी नुसती खडी उरते. पाझराच्या तोंडाला पाईप बसवा, भोवती कडक मसाला लावा आणि ते पाणी पायातून पुढे बाहेर काढा. बाकीचं पाणी चराच्या खालच्या टोकाला खड्डा करून पंपाने उपसा. पंप काँक्रीटच्या कडेला लावू नका, ओला मसाला ओढला जातो. हा पाईप नंतरही बंद करायचा नाही.

प्रतिसाद ३
मागच्या निचऱ्याचं राहिलंय. भिंतीच्या पाठीला फूट-दीड फूट रुंद ४० व २० मिमी खडी, बाहेरून नॉन-वोव्हन जिओटेक्स्टाईलमध्ये (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं न विणलेलं कापड) गुंडाळलेली. कापड नसलं तर दोन पावसाळ्यांत बारीक माती खडीत शिरते. तळाला ४ इंची छिद्रांचा पाईप, छिद्रं खाली; उतार १०० ला १, म्हणजे ६० फुटांत सुमारे ७ इंच. पुढच्या जमिनीपासून अर्ध्या फुटावर वीप होलची (भिंतीतून पाणी बाहेर सोडणारी भोकं) पहिली ओळ, मग ५-५ फुटांवर, वरची ओळ खालच्या दोन भोकांच्या मध्ये. भोकांचा कल बाहेरच्या बाजूला. माथ्याला फूटभर चिकणमाती दाबून बसवा आणि डोंगराच्या बाजूने पक्कं गटार काढा.

भराव मुरमाचा, ८ इंची थरांत, हलक्या रोलरने. भिंतीला खेटून जेसीबी चालवू नका. पाईपच्या दोन्ही टोकांना झाकणाची तोंडं ठेवली तर गाळ बसल्यावर पाणी मारून साफ करता येतो, एरवी सगळी खडी उकरावी लागते.

प्रतिसाद १
आणि ८ फूट उंची आहे, आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. जागा पावसाळ्यात, पाझर जोरात असताना दाखवा. डिसेंबरचं पाणी पाहून पाईपचा व्यास ठरवला तर जुलैत तो लहान पडेल.