पॉवरपीसी संगणक आजही रोजच्या वापरात ठेवण्यात अर्थ आहे का?

खटपट्या (मूळ लेख)

ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला या तीन कंपन्यांनी १९९१ साली हातमिळवणी करून ज्या प्रोसेसरचा पाया घातला, त्या पॉवरपीसीवर चालणारे पहिले मॅकिंटॉश मार्च १९९४ मध्ये बाजारात आले. जून २००५ मध्ये ॲपलने इंटेलकडे वळण्याची घोषणा केली आणि २००९ साली आलेल्या स्नो लेपर्डपासून या यंत्रांना नवी मॅक प्रणाली मिळणे थांबले. त्यानंतरही जगभरातले अनेक हौशी लोक जी-३, जी-४ आणि जी-५ या पिढ्यांचे मॅक दुरुस्त करून वापरत आहेत. ही यंत्रे कपाटात शोभेला ठेवण्यासाठी नसून त्यांच्यावर रोज काम झाले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

मी स्वतः लेखन, पत्रव्यवहार आणि गाणी ऐकणे ही कामे पॉवरबुक जी-४ वर करतो. त्यातली जुनी आयडीई हार्ड डिस्क काढून अडॅप्टरच्या साहाय्याने एमसाटा (चिपवर माहिती साठवणारे) कार्ड बसवले, प्रोसेसरवरची वाळून भुगा झालेली थर्मल पेस्ट बदलली आणि मेमरी दोन जीबीपर्यंत, म्हणजे ते यंत्र घेऊ शकते तितकी, वाढवली. लिहिताना त्याच्या वेगात मला काहीही उणे वाटत नाही.

मात्र या यंत्रांना खरे आयुष्य दिले ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी. फायरफॉक्सने पॉवरपीसी मॅकची साथ सोडल्यावर कॅमेरून कायझर यांनी २०१० पासून २०२१ पर्यंत टेनफोरफॉक्स हा ब्राउझर सांभाळला, इतकेच नव्हे, तर संकेतस्थळांतल्या जावास्क्रिप्ट या भाषेतल्या कोडचे रूपांतर थेट पॉवरपीसीच्या यंत्रभाषेत करणारा कंपायलरही त्यासाठी लिहिला. मॉर्फओएस ही अमिगा या जुन्या संगणकाच्या परंपरेतली प्रणाली आजही मॅक मिनी जी-४ वर चपळपणे चालते. नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी या युनिक्ससारख्या मुक्त प्रणालींनीही या यंत्रांना अजून वाऱ्यावर सोडलेले नाही. आणि हे घराणे निकालात निघाले आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मंगळाकडे पाहावे: २०१२ साली तिथे उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीचा संगणक ज्या आरएडी-७५० वर चालतो, तो जी-३ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पॉवरपीसी ७५० चाच किरणोत्सर्ग सोसणारा अवतार आहे.

निशिगंध

आपली तळमळ पोहोचली, तरीही मी पूर्णपणे असहमत आहे. हौस म्हणून कोणी ही यंत्रे चालवत असेल तर त्याला माझी हरकत नाही. पण ‘रोजच्या वापरासाठी’ असे म्हटले की त्याला रोजच्या वापराचेच निकष लावावे लागतात.

पहिला निकष सुरक्षिततेचा. या यंत्रांवर चालणाऱ्या लेपर्ड या अखेरच्या मॅक प्रणालीची १०.५.८ ही शेवटची आवृत्ती २००९ ची आहे. तिच्या मूळ ब्राउझरला आजचे टीएलएस, म्हणजे संकेतस्थळाशी सुरक्षित जोडणी करण्याची पद्धत, समजत नाही, त्यामुळे बहुतेक संकेतस्थळे उघडतच नाहीत, आणि जी उघडतात ती कोणत्या भरवशावर उघडायची हा प्रश्न उरतोच. टेनफोरफॉक्स फायरफॉक्स ४५ च्या पायावर उभा होता आणि तिथेच थांबला, कारण पुढच्या फायरफॉक्सला रस्ट भाषेचा कंपायलर लागू लागला. स्वतः कायझर यांनीही आपले मुख्य काम पॉवर-९ या आयबीएमच्या प्रोसेसरच्या आधुनिक यंत्रावर नेले. डेबियन या लिनक्स प्रणालीने २०१७ च्या नवव्या आवृत्तीत ३२ बिटी पॉवरपीसीला अधिकृत यादीतून वगळले. ज्यांनी इतकी वर्षे हा भार वाहिला तेच एकेक करून बाजूला होत आहेत, याचा अर्थ आपण लक्षात घ्यावा.

दुसरा निकष विजेचा. चार कोअरच्या पॉवर मॅक जी-५ ला एक हजार वॉटचा वीजपुरवठा बसवलेला असे, शिवाय त्याच्या प्रोसेसरना थंड ठेवणारे द्रव गळून आतला भाग खराब होतो, ही त्याची सर्वज्ञात खोड आहे. हाताच्या तळव्यावर मावणारा आजचा रास्पबेरी पाय आपल्या जी-४ पेक्षा कितीतरी वेगवान आहे आणि तो मोबाइलसारख्या छोट्या चार्जरवर चालतो.

मंगळाचे उदाहरण येथे लागू पडत नाही. अवकाशयानात जुना प्रोसेसर घेतात तो त्याची वर्षानुवर्षे कसून चाचणी झालेली असते म्हणून. आपल्या टेबलावरच्या वीस वर्षांच्या लॅपटॉपला तशी हमी कोणीही दिलेली नाही.

अक्षरजुळारी

दोघांचेही मुद्दे वाचले. माझा अनुभव छपाईच्या व्यवसायातला आहे आणि तिथे हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

युनिकोड रुळण्यापूर्वीचे आमचे मराठी काम क्वार्कएक्सप्रेस या पानांची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये झाले आहे. त्या फॉन्टमध्ये प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी होती, त्यामुळे मूळ फॉन्ट नसेल तर पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक रांग दिसते. मॅकसाठीच्या पोस्टस्क्रिप्ट फॉन्टमध्ये आणखी एक मेख आहे. त्यातली अक्षरांची सगळी माहिती फाइलच्या रिसोर्स फोर्क नावाच्या दुसऱ्या कप्प्यात असते. अशी फाइल साध्या पद्धतीने विंडोजच्या मशीनवर कॉपी केली की नाव तेच राहते, पण आकार शून्य केबी दिसतो आणि आत काहीच उरलेले नसते. म्हणून ती आधी जुन्या मॅकवरच स्टफइट किंवा बिनहेक्स या फाइल बांधण्याच्या पद्धतींमध्ये बांधावी लागते आणि मगच बाहेर काढावी लागते. गिऱ्हाइकांनी जपून ठेवलेल्या सीडी उघडताना असे शून्य केबीचे फॉन्ट मी पाहिले आहेत, आणि ज्याने ते कॉपी केले त्याला आपण काय गमावले याची कल्पनाही नव्हती.

भरीस भर म्हणजे २०१९ च्या कॅटलिना या मॅक प्रणालीपासून नव्या मॅकला जुन्या एचएफएस पद्धतीने फाइल साठवलेल्या डिस्क वाचता येत नाहीत, आणि ॲडोबीने जानेवारी २०२३ मध्ये टाइप-१, म्हणजे वर सांगितलेल्या पोस्टस्क्रिप्ट फॉन्टचा आधार काढून घेतला. अशा वेळी मॅक ओएस ९ थेट सुरू होणारा एक पॉवर मॅक जी-४ जवळ असणे ही माझी गरज आहे.

सह्यकडा

अक्षरजुळारी यांनी सांगितलेली अडचण खरी आहे, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. शीपशेव्हर हा इम्युलेटर (म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर) मॅक ओएस ९.०.४ पर्यंतच्या प्रणाली चालवतो आणि क्यूईएमयू या दुसऱ्या इम्युलेटरवर त्यापुढच्या मॅक ओएस ९ च्या आवृत्त्याही चालतात. फाइल एकदा डिस्क इमेजमध्ये उतरवल्या, तिच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या, की ज्या यंत्राचे सुटे भाग मिळत नाहीत त्याच्यावर विसंबून राहावे लागत नाही. मूळ यंत्र हा एकमेव आधार मानणे हेच खरे धोक्याचे आहे, कारण ते ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी आपला सगळा संग्रह अडकून पडेल. आज ते चालू आहे तोवर त्याच्यातून सगळे काही बाहेर काढून घ्यावे आणि मजकूर युनिकोडमध्ये आणावा.

अक्षरजुळारी

प्रती काढून ठेवाव्यात याबाबत दुमत नाही आणि ते काम चालूच आहे. मात्र त्या काळातली काही सॉफ्टवेअर कीबोर्डच्या एडीबी पोर्टला जोडलेल्या डाँगलशिवाय (परवान्याची खूण असलेल्या छोट्या उपकरणाशिवाय) सुरूच होत नाहीत आणि इम्युलेटरला तो डाँगल दिसत नाही. शिवाय मजकूर युनिकोडमध्ये आणला म्हणजे पान हाती आले असे होत नाही. ओळी कुठे तुटल्या, जोडाक्षर कसे बसवले, चौकटीतली जाहिरात कुठे होती, हे सारे पाहायचे असेल तर ती फाइल मूळ जागीच उघडावी लागते.

बाइटक्रम

प्रोग्रामर म्हणून एक मुद्दा जोडतो, जो अजून कोणी मांडलेला नाही. मॅकमधले पॉवरपीसी बिग-एंडियन पद्धतीने चालतात, म्हणजे चार बाइटची संख्या मेमरीत ठेवताना तिचा सर्वांत मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवतात. इंटेल आणि आजचे बहुतेक एआरएम याच्या उलट करतात. त्यामुळे फक्त इंटेलवर तपासलेला प्रोग्राम फाइलमधले बाइट आहेत त्याच क्रमाने उचलतो आणि त्यातली चूक कित्येक वर्षे कोणाच्या नजरेस येत नाही. तोच प्रोग्राम जी-४ वर चालवला की चित्रातले रंग उलटेपालटे होतात किंवा फाइलची लांबी अचाट दिसते. आयबीएमचे मेनफ्रेम नावाचे मोठे संगणक अजूनही बिग-एंडियन असल्याने अशी चूक सापडणे हा केवळ हौसेचा लाभ नाही.

निशिगंध

बाइटक्रम यांचा मुद्दा रास्त आहे, परंतु अशी चाचणी क्यूईएमयूवरही घेता येते. त्यासाठी प्रत्येकाने घरी जी-४ बाळगण्याची गरज नाही.

खटपट्या

सर्वांनी मनापासून लिहिले याबद्दल आभार. द्रवाने थंड होणाऱ्या जी-५ ची बाजू मी घेत नाही. रोजच्या कामाला लॅपटॉप आणि मॅक मिनी योग्य आहेत, आणि त्यांची विजेची भूक माफक आहे. बँकेचे व्यवहार अशा यंत्रावर कोणी करू नयेत, हे निशिगंध यांचे म्हणणे मला मान्य आहे.

इम्युलेटरबाबत मात्र मी माघार घेणार नाही. तो बरोबर चालतो की नाही, हे कशाशी ताडून ठरवायचे? खऱ्या यंत्रावर काय घडते हे पाहूनच तो लिहिला जातो आणि सुधारला जातो. अल्टिव्हेकचा (प्रोसेसरमधल्या, एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या भागाचा) एखादा आदेश कडेच्या आकड्यांवर काय उत्तर देतो, यंत्र सुरू करणारे ओपन फर्मवेअर कोणत्या क्रमाने डिस्क शोधते, हे कागदपत्रांत प्रत्येक वेळी सापडत नाही. ते चालत्या यंत्राला विचारावे लागते. आणि यंत्र चालते राहते ते रोज वापरणाऱ्याकडे, कारण बंद होण्याआधीची त्याची कुरकुर त्यालाच ऐकू येते.

ज्यांच्याकडे पॉवर मॅक पडून आहे त्यांना एक कळकळीची विनंती: आतली ३.६ व्होल्टची, अर्ध्या पेन्सिल सेलएवढी बॅटरी आजच काढा. ती फुटून तिच्यातला द्रव मदरबोर्डवर पसरला तर तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो आणि मग दुरुस्ती जवळपास अशक्य होते. नवी बॅटरी बसवली नाही तर घड्याळ मागे जाते, मॅक ओएस टेन १९७० दाखवू लागते आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ‘अजून लागू झालेली नाहीत’ म्हणून नाकारली जातात. पण तारीख हाताने बदलता येते.

निशिगंध

बॅटरीविषयीची सूचना प्रत्येकाने ताबडतोब अमलात आणावी. इम्युलेटरसाठी खरे यंत्र लागते हेही मला पटले, पण त्यासाठी जगात काही थोडी यंत्रे जाणकारांच्या हाती असली तरी पुरेसे आहे. टेनफोरफॉक्सचा कोड खुला आहे आणि त्यात अजून भर घालणारे आहेत. तरी ब्राउझरमध्ये नवी त्रुटी सापडली की ती दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर मला या धाग्यात मिळालेले नाही, आणि ते मिळेपर्यंत इंटरनेटला जोडलेल्या रोजच्या वापराची शिफारस मी कोणालाही करणार नाही.