परदेशी ग्राहकाने आयात कर नाकारला, पार्सल परत निघाले आणि बँकेने पैसेही रोखले: उत्तर कसे द्यावे?

महेश्वरी_इंदूर

नमस्कार मंडळी. इंदूरमध्ये राजवाड्याजवळ आमचे महेश्वरी साड्या व ओढण्यांचे छोटे दुकान आहे आणि स्वतःच्या संकेतस्थळावरून आम्ही परदेशातही माल पाठवतो. जर्मनीतील एका ग्राहक बाईंनी तीन साड्या मागवल्या. बीजक साधारण २८० युरोंचे होते, पैसे परदेशी कार्डावरून गेटवेमार्फत, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून आमच्या खात्यात देणाऱ्या सेवेमार्फत, आले आणि पार्सल वेळेत जर्मनीत पोहोचले. तेथे आयात कर आणि कुरिअरचे हाताळणी शुल्क मागितले गेले, तेव्हा त्यांनी ते भरण्यास नकार दिला. ट्रॅकिंगनुसार पार्सल आता परतीच्या मार्गावर आहे. दरम्यान त्यांनी आपल्या बँकेकडे ‘माल मिळाला नाही’ अशी तक्रार केली असून गेटवेने तेवढी रक्कम आमच्या सेटलमेंटमधून वळती करून घेतली आहे व मुदत घालून पुरावे मागितले आहेत.

स्थानिक कर ग्राहकाने भरावेत, असे आमच्या संकेतस्थळावर लिहिलेले आहे. अशा स्थितीत हे प्रकरण लढवावे की सोडून द्यावे? एका परिचित व्यापाऱ्यांनी असा सल्ला दिला की यापुढे पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहून किंमत कमी दाखवावी, म्हणजे हा प्रश्नच उद्भवणार नाही. मला ते पटत नाही, परंतु त्यांना कारणासह उत्तर देता आले नाही.

निर्यात_वडोदरा

ताई, सर्वप्रथम गेटवेच्या सूचनेत तक्रारीचा नेमका संकेतांक कोणता दिला आहे, तो पाहावा. व्हिसा कार्ड असेल तर ‘माल मिळाला नाही’ यासाठी १३.१, ‘वर्णनाप्रमाणे नाही’ यासाठी १३.३ आणि ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ यासाठी १०.४ असे वेगवेगळे संकेतांक असतात. मास्टरकार्डवर मालासंबंधीच्या बहुतेक तक्रारी ४८५३ खाली येतात. ज्या कारणाने तक्रार झाली आहे त्याच कारणाचे खंडन बँक वाचते. माल मिळाला नाही म्हणणाऱ्याला साडीच्या दर्जाची छायाचित्रे पाठवून काहीच उपयोग होत नाही, तरीही बहुसंख्य विक्रेते हाताशी असेल ते सगळे एका फाइलमध्ये भरून देतात.

तुमच्या बाजूने एक मुद्दा आहे. माल ग्राहकाच्याच देशातील सीमाशुल्क विभागाने अडवून ठेवला असेल, तर व्हिसाच्या नियमांनुसार १३.१ खालील तक्रार ग्राह्य धरली जात नाही. मात्र पार्सल तेथून निघून तुमच्याकडे परत येऊ लागले की या मुद्द्याची धार जाते, कारण थोड्याच दिवसांत माल आणि पैसे दोन्ही तुमच्याकडे असतील आणि अशा विक्रेत्याच्या बाजूने निकाल देणारी बँक मी तरी पाहिलेली नाही. ही तक्रार तुम्ही जिंकलात तरी ‘परतावा दिला नाही’ म्हणून दुसरी तक्रार उभी राहू शकते.

संकेतस्थळावरील एका ओळीवरही फार विसंबू नये. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार तेथील ग्राहकाला दूरस्थ खरेदीत माल हाती आल्यापासून १४ दिवसांत कोणतेही कारण न देता करार मागे घेता येतो, आणि खरेदीपूर्वी एकूण खर्चाची स्पष्ट कल्पना देणे ही विक्रेत्याची जबाबदारी मानली जाते. नुसते पार्सल नाकारणे म्हणजे करार मागे घेणे नव्हे, हे खरे. पण या वादात शिरून २८० युरोंसाठी किती पत्रव्यवहार करायचा, याचा विचार व्हावा. त्यातच प्रकरण लवादापर्यंत गेले तर हरणाऱ्या पक्षावर कार्ड संस्थेचे वेगळे शुल्क पडते.

म्हणून माझे मत असे की साडीची रक्कम सोडावी आणि पाठवणीच्या खर्चापुरते बोलणे करावे. यात एक धोका मात्र कटाक्षाने टाळावा. तक्रार बँकेत उघडी असताना ग्राहकाला वेगळ्या मार्गाने परतावा मुळीच पाठवू नये. एकदा तुम्ही पाठवलेले आणि एकदा बँकेने काढून घेतलेले, असे दोनदा पैसे जातात आणि त्यातले एकदाचे परत मिळवताना नाकी नऊ येतात. परतावा द्यायचाच असेल तर गेटवेच्या पानावर तक्रार मान्य करावी, किंवा तेथे अंशतः मान्य करण्याची सोय असल्यास तिचा उपयोग करावा.

पुढील काळासाठी, युरोपात १५० युरोंपर्यंतच्या पार्सलांना आयओएसएस या युरोपीय कर-योजनेतील नोंदणीद्वारे विक्रीच्या वेळीच व्हॅट घेण्याची सोय १ जुलै २०२१ पासून आहे. तुमची ऑर्डर त्या मर्यादेच्या वर होती, त्यामुळे जर्मनीचा १९ टक्के व्हॅट आणि वर सीमाशुल्क दाराशी येणे अटळ होते. अशा मोठ्या ऑर्डरींसाठी कर विक्रेत्याने भरण्याची, म्हणजे डीडीपी पद्धतीची, पाठवणी करावी आणि तो खर्च किमतीतच धरावा.

हिशेब_वही

मी इंदूरमध्येच निर्यातदारांचे हिशेब पाहतो. ‘भेटवस्तू’ लिहिण्याच्या सल्ल्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इकडच्या बाजारात तो सर्रास दिला जातो.

कुरिअरने व्यापारी माल पाठवताना सीएसबी-पाच हे शिपिंग बिल, म्हणजे सीमाशुल्क विभागाकडील निर्यातीचे घोषणापत्र, भरावे लागते. सीएसबी-चार हे नमुने आणि खऱ्याखुऱ्या भेटवस्तूंसाठी आहे. चार नंबरवर माल पाठवला की कागदोपत्री तुमची निर्यात झालेलीच नसते. मग खात्यात आलेले परकीय चलन कोणत्या मालाचे, हे बँकेला दाखवता येत नाही आणि शून्य दराच्या पुरवठ्याचा, म्हणजे निर्यातीवर कर न पडण्याचा, जीएसटी लाभही अडचणीत येतो. पैशांच्या वादाच्या दृष्टीने यातले आणखी दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत. पार्सल हरवले तर कुरिअरची भरपाई घोषित किमतीच्या मर्यादेतच मिळते. आणि गेटवेकडे पुरावा म्हणून जोडलेल्या कुरिअर पावतीवर ४० युरो व कार्ड व्यवहारावर २८० युरो दिसले, तर समोरच्या बँकेला तुमच्या विरोधात वेगळे काही शोधावे लागत नाही.

आता परतीच्या मालाविषयी. निर्यात झालेला माल तीन वर्षांच्या आत परत आल्यास सीमाशुल्क अधिसूचनेनुसार सवलत मिळते, परंतु तो तोच माल आहे हे पटवून द्यावे लागते. एलयूटी या हमीपत्रावर, म्हणजे आयजीएसटी (निर्यातीला लागू होणारा एकात्मिक जीएसटी) न भरता पाठवलेल्या मालावर परतताना तेवढा आयजीएसटी भरावा लागतो. त्याची जमा, म्हणजे पुढच्या जीएसटीतून वजावट, मिळू शकते. हातमागाच्या साडीवर कारखान्याचा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे प्रत्येक नगाला आपला क्रमांक असलेली चिठ्ठी शिवावी, तोच क्रमांक बीजकात लिहावा आणि काठ-पदराचे छायाचित्र त्या क्रमांकासह जपून ठेवावे. पार्सल येण्याआधीच कुरिअर कंपनीला मूळ शिपिंग बिलाची प्रत द्यावी, अन्यथा त्यांचा माणूस ते नेहमीच्या आयातीप्रमाणे सोडवून मोकळा होतो.

तसेच बँकेला कळवण्यास विसरू नये. चार्जबॅक झाला, म्हणजे तक्रारीवरून बँकेने रक्कम परत काढून घेतली, की निर्यातीची रक्कम आलीच नाही असा अर्थ होतो आणि ईडीपीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या निर्यात-नोंद प्रणालीत ते शिपिंग बिल उघडे राहते. माल परत आल्याची कागदपत्रे देऊन ती नोंद बंद करून घ्यावी. कर भरून निर्यात करून आयजीएसटीचा परतावा घेतला असेल, तर फेमा या परकीय चलन कायद्याच्या मुदतीत रक्कम न आल्यास तो परतावाही व्याजासह परत करावा लागू शकतो.

चंदेरी_ग्वाल्हेर

वडोदऱ्याच्या सदस्यांशी बहुतांशी सहमत आहे, पण डीडीपी हा सरसकट उपाय नाही असे वाटते. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून स्थगित केली, तेव्हा भारतीय टपाल खात्याने तिकडची बहुतेक टपाल सेवा २५ ऑगस्टपासून थांबवली होती आणि ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. त्या काळात ज्यांनी ‘करासहित किंमत’ जाहीर केलेली होती त्यांच्या अंगावर फरक पडला, आणि ज्यांनी केलेली नव्हती त्यांची पार्सले नाकारली गेली. दोघांचेही नुकसान झाले, फक्त वेगळ्या खात्यात. मी आता अमेरिकेसाठी कर वेगळा दाखवते, ग्राहकाने त्यासमोर खूण केल्याशिवाय ऑर्डर पुढे जात नाही, आणि ती खूण वेळेसह नोंदलेली असते. बँकेला धोरणाच्या पानापेक्षा अशी नोंद दाखवणे अधिक उपयोगी पडते.

ग्वाल्हेरहून चंदेरी पाठवताना मला ‘माल मिळाला नाही’ यापेक्षा ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या तक्रारीचीच अधिक धास्ती वाटते. पेपालच्या विक्रेता संरक्षणात माल न मिळाल्याची आणि अनधिकृत व्यवहाराची तक्रार येते, वर्णनाशी न जुळणाऱ्या मालाची येत नाही. शिवाय ग्राहकाला पैसे दिल्यापासून १८० दिवसांपर्यंत वाद उघडता येतो. हातमागावरची सुताची गाठ, रंगाची किंचित वेगळी छटा, बुट्ट्यांमधील सूक्ष्म फरक ही आपल्या दृष्टीने हाती विणल्याची खूण असली, तरी परदेशी ग्राहकाला तो दोष वाटू शकतो. म्हणून उत्पादनाच्या वर्णनातच, कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत न लिहिता, हे लिहावे आणि नैसर्गिक उजेडातील जवळून घेतलेले छायाचित्र द्यावे. पॅकिंगच्या चित्रफितींवर लोक फार भरवसा ठेवतात. गेटवेच्या अर्जात त्या बहुधा जोडताच येत नाहीत.

कार्डाबद्दलही थोडे लिहिते. देशांतर्गत कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारात ओटीपीसारखी अतिरिक्त पडताळणी सहसा सक्तीची असते, परंतु परदेशी कार्डाचा व्यवहार त्याशिवायही पुरा होऊ शकतो. थ्री-डी सिक्युअर, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेने ऑनलाइन व्यवहाराच्या वेळी कार्डधारकाची केलेली, पडताळणी झालेली असेल तर चोरीच्या कार्डाची जबाबदारी सामान्यतः कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. माल न मिळाल्याच्या किंवा वेगळा निघाल्याच्या तक्रारीत मात्र या पडताळणीचा काही आधार मिळत नाही, आणि काही नवे विक्रेते याबाबत गाफील राहतात. मोठी ऑर्डर, घाई, आणि पैसे दिल्यानंतर पत्ता बदलण्याची विनंती हे तिन्ही एकत्र आले की मी ती ऑर्डर रद्द करून पुन्हा नव्या पत्त्याने करायला सांगते, कारण पेपालच्या संरक्षणासाठी व्यवहाराच्या पानावरील पत्त्यावरच माल गेलेला असावा लागतो. ७५० डॉलर आणि त्यावरील व्यवहारात घेणाऱ्याची स्वाक्षरीही लागते.

महेश्वरी_इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. संकेतांक १३.१ च आहे. आज ग्राहक बाईंना सौम्य भाषेत पत्र लिहिले, तेव्हा त्यांनी पाठवणीचा खर्च सोसण्याची तयारी दाखवली असून उरलेली रक्कम बँकेत थेट पाठवल्यास तक्रार मागे घेते, असे कळवले आहे. यात पुढे कसे जावे?

निर्यात_वडोदरा

थेट पाठवू नये. त्यांनी आधी आपल्या बँकेला तक्रार मागे घेत असल्याचे कळवावे आणि बँकेकडून मिळालेले लेखी उत्तर तुम्हाला द्यावे. त्यानंतर वळती केलेली रक्कम तुमच्या खात्यात परत जमा झाली की त्याच मूळ व्यवहारावर, गेटवेमधूनच, ठरलेला अंशतः परतावा करावा. अंशतः परताव्याचा आकडा पत्रात युरोंमध्ये लिहून त्यांची संमती घ्यावी, कारण रुपयांत ठरवल्यास विनिमय दरातील फरकावरून पुन्हा बोलणे निघते.

आणि ग्राहक तयार आहे म्हणून गेटवेला उत्तर देणे थांबवू नका. त्यांची मुदत या पत्रव्यवहारासाठी थांबत नाही आणि उत्तर न दिल्यास तक्रार मान्य केली असे धरले जाते. बीजक, कुरिअरने पार्सल नाकारल्याची दिलेली नोंद, ट्रॅकिंगचे पान आणि आजचे त्यांचे पत्र, एवढे चार कागद इंग्रजीतील अर्ध्या पानाच्या निवेदनासह मुदतीआधी जोडून टाकावेत.