फिरत्या पाळीच्या नर्सेससाठी मोबाइलवरचा झोप आणि व्यायाम कार्यक्रम: काय ठेवावं, काय काढावं?

परिचर्या_समन्वय

नमस्कार. १२० नर्सेससाठी मोबाइलवरून चालवायचा १२ आठवड्यांचा कार्यक्रम आखायचा आहे. सगळ्या फिरत्या पाळीच्या: सकाळ, दुपार, नाइट, मग नाइट ऑफ (नाइटनंतरची सुट्टी). झोप सुधारावी आणि अंगाला पुरेसा व्यायाम मिळावा, एवढेच दोन हेतू.

कच्चा आराखडा असा आहे: रोज १०,००० पावलांचं लक्ष्य, प्रत्येकीला मनगटी बँड, रात्री १० वाजता "झोपायची तयारी करा" अशी सूचना, दर सोमवारी वॉर्डनिहाय क्रमवारी आणि सुरुवातीला-शेवटी पिट्सबर्ग झोप प्रश्नावली (झोप कशी आहे ते गुणांत सांगणारी). तयार ॲप घ्यायचं की साधे मेसेज पाठवायचे, ते ठरलेलं नाही.

यातलं काय टिकेल, काय फसेल आणि का, ते जाणकारांनी सांगावं. "लवकर झोपा, व्यायाम करा" हे सगळ्यांना पाठ आहे, ते नको.

निद्रामापन

आधी ती रात्री १० ची सूचना काढा. त्या वेळी नाइटवाली नर्स नुकती हँडओव्हर घेऊन औषधांच्या राउंडला लागलेली असते, आणि दुपारपाळीची कदाचित घरीही पोचलेली नसते. अशा दोन-चार अवेळी सूचना आल्या की माणूस ॲपच्या सगळ्याच सूचना बंद करून टाकतो. मग कामाची सूचनाही पोचत नाही.

कार्यक्रमाचं घड्याळ म्हणजे ड्युटी लिस्ट. सूचना "अमुक वाजता" अशी न ठरवता "ड्युटी संपल्यावर इतक्या वेळाने", "पहिल्या नाइटच्या इतके तास आधी" अशी ठरवा. लिस्ट ॲपमध्ये भरायचं काम नर्सेसवर टाकू नका. इनचार्ज जी लिस्ट लावते तीच फाइल चढवा. फक्त आपसातली अदलाबदल नर्सला स्वतःला एका टिचकीत नोंदवता आली पाहिजे, कारण ती सतत होते आणि लिस्टवर उशिरा उमटते. झोपेच्या वेळेत ॲप पूर्ण गप्प हवं. नाइट करून आलेलीला सकाळी ११ ला "उठा, थोडं चाला" असा मेसेज गेला तर तिची झोप तुमच्याच कार्यक्रमाने मोडली.

ड्युटी रात्री ९ ते सकाळी ७ धरून पहिल्या नाइटचा आराखडा देतो.

त्या दिवशी सकाळी शक्यतो गजर लावायचा नाही. दुपारी २ ते ५ मध्ये ९० मिनिटांची झोप, कारण त्या सुमाराला शरीर तसंही पेंगुळतं. संध्याकाळी ७ ला आडवं होऊन उपयोग नाही. नेहमीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास मेंदू सर्वांत जागा असतो, माणूस नुसता कूस बदलत राहतो.

चहा-कॉफी ड्युटीच्या पहिल्या अर्ध्यात घ्यायची, शेवटचा कप रात्री २ च्या आत. निम्मं कॅफीन शरीराबाहेर जायला साधारण ५ ते ६ तास लागतात. पहाटे ५ ला घेतलेल्या कपातलं निम्म्याहून जास्त कॅफीन सकाळी ९ ला झोपताना अंगात असतं. झोप लागली तरी ती उथळ राहते.

ब्रेकमध्ये डुलकी घेता येत असेल तर २० मिनिटांची, आणि शक्यतो पहाटे ४ च्या आधी. पहाटे ४-५ च्या सुमाराला शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं, तेव्हाच्या डुलकीतून उठल्यावर डोकं जास्त वेळ जड राहतं. मेसेजमध्ये हे स्पष्ट लिहा: उठल्यानंतरची १५-२० मिनिटं औषधाच्या मात्रेचं किंवा ड्रिपच्या वेगाचं गणित करायचं नाही. करावंच लागलं तर दुसरीकडून तपासून घ्यायचं.

घरी जाताना सकाळच्या उजेडाने शरीराच्या घड्याळाला दिवस सुरू झाल्याचा इशारा मिळतो. म्हणून टोपी, गॉगल. पण स्वतः गाडी चालवणारीला गॉगलचा सल्ला देऊ नका, आधीच पेंग आणि त्यात डोळ्यांपुढे अंधार नको. खोली काळोखी, कानात बोळे, फोन सायलेंटवर. शेवटच्या नाइटनंतर मात्र सकाळी दीड ते तीन तासच झोपायचं, दुपारी उजेडात बाहेर पडायचं आणि रात्री नेहमीच्या वेळी झोपायचं.

दोन-तीन नाइटसाठी शरीराचं घड्याळ उलटं फिरवायच्या भानगडीत पडू नका. ते तितक्यात फिरतही नाही. मुख्य झोप आणि डुलकी मिळून २४ तासांत ७ तासांच्या आसपास जमले का, एवढंच लक्ष्य ठेवा.

चाल_आणि_ताकद

१०,००० हा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या पाऊलमापकाच्या प्रचारातून रूढ झाला. ती वैद्यकीय मर्यादा नव्हे. नर्सेसच्या बाबतीत अडचण वेगळीच आहे: वॉर्डात त्यांची पावलं भरपूर पडतात, पण तुटक. सात-आठ पावलं, थांबणं, वाकणं, पुन्हा बराच वेळ उभं राहणं. हृदयाची गती काही काळ चढी राहावी अशी ती चाल नसते. त्यामुळे पावलं भरतात, पायांना सूज येते आणि दम मात्र वाढत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. सलग १० मिनिटं तरी हवीत ही जुनी अट त्यात राहिलेली नाही, आणि पाळीवाल्यांना याचा मोठा फायदा आहे. मध्यम चाल म्हणजे मिनिटाला साधारण १०० पावलं. बोलता येतं पण गाता येत नाही, अशी. म्हणून लक्ष्य पावलांचं नको, "ड्युटीबाहेरची भरभर चालीची मिनिटं" असं ठेवा.

ती मिनिटंही पाळीप्रमाणे बसवा. दुपारपाळीच्या दिवशी घरून निघण्याआधी. सकाळपाळीच्या दिवशी घरी गेल्यावर, पण आडवं होण्याआधी, कारण एकदा पाठ टेकली की बेत मोडतो. नाइटच्या दिवसांत झोपून उठल्यावर आणि ड्युटीला जाण्याआधी. नाइट करून आल्यावर दमवणारा व्यायाम नको, झोपेआधीच्या तासाभरात जोरकस व्यायाम झाला की झोप लागायला उशीर होतो.

ताकदीसाठी आठवड्यातून दोनदा २० मिनिटं पुरे: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवर हात टेकवून दंड, पाठीवर झोपून कंबर उचलणं, टाचा उचलणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. व्हिडिओ लांबलचक नकोत, एका व्यायामाला ४० सेकंदांची एक क्लिप. रुग्णाला कुशीवर वळवताना कमरेऐवजी खुब्यातून वाकायची सवय लागावी असा एक व्यायाम त्यात घालाच. कंबर धरली की चालणंही बंद पडतं.

एक नियम ॲपमध्ये पक्का बसवा: मागच्या २४ तासांत ६ तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर त्या दिवसाचं व्यायामाचं लक्ष्य आपोआप १० मिनिटांच्या सावकाश चालण्यावर यावं. स्क्रीनवर लाल खूण नको, "साखळी तुटली" नको. झोप आणि व्यायाम यांत एकच जमणार असेल तर झोप.

आता बँड. संसर्ग टाळण्यासाठी बऱ्याच ठिकाणी कोपराखाली काही घालायला मनाई असते आणि ते बरोबरच आहे. पट्ट्याखाली साबण-सॅनिटायझर नीट पोचत नाही. शिवाय ट्रॉली ढकलताना हात हलत नाही, तेव्हा मनगटावरचं यंत्र पावलं गाळतं. कमरेला किंवा खिशात अडकवायचं क्लिपवालं साधन घ्या, नाहीतर ड्युटीतली पावलं मोजूच नका.

वॉर्डबाहेरचा

क्रमवारी काढून टाकावी असं माझं ठाम मत आहे. अतिदक्षता विभागातली नर्स रुग्णाच्या उशापासून हलू शकत नाही, बाह्यरुग्ण विभागातली दिवसभर फिरते. यांची तुलना कसली करणार? गरोदर, गुडघेदुखीच्या, नुकत्या बाळंतपणाच्या रजेवरून आलेल्या, या सगळ्या वॉर्डाचा "आकडा खाली ओढणाऱ्या" ठरतात. आणि रविवारी गुण कमी दिसले की नाइट करून आलेली झोपायचं सोडून चालायला निघते.

दुसरं, नोंदी. कोण किती झोपली हे इनचार्जला किंवा मेट्रनला नावानिशी दिसता कामा नये. १० पेक्षा लहान गटाची सरासरीसुद्धा दाखवू नका, चार जणींच्या वॉर्डात कोण ते लगेच कळतं. झोपेचा आकडा वार्षिक मूल्यमापनात किंवा ड्युटी लावण्यात वापरला जाणार नाही, मधेच बाहेर पडलं तरी चालेल, हे संमतिपत्रात लिहून द्या. हा भरवसा नसेल तर डायरीत सगळ्या जणी ७ तासच लिहितील.

आकडे_आणि_आलेख

पिट्सबर्ग प्रश्नावली मागच्या महिन्यातली "नेहमीची" झोपायची वेळ विचारते. फिरत्या पाळीत नेहमीची वेळ नसतेच. एक जण सकाळपाळीची वेळ लिहिते, दुसरी सरासरी काढते, आणि ० ते २१ मधला जो गुण येतो त्याचा अर्थ लागत नाही. वापरायचीच असेल तर सकाळ, दुपार, नाइट आणि सुट्टीची झोप वेगळी विचारा. मुख्य मोजमाप मात्र रोजची झोप-डायरी ठेवा, पाळ्यांचं एक पूर्ण चक्र होईपर्यंत, किमान १४ दिवस. तीनच नोंदी: कधी झोपायला गेले, कधी उठले, मधे डुलकी किती मिनिटं. त्याच्या जोडीला ड्युटी संपताना कॅरोलिन्स्का पेंगमापकाचा एकच प्रश्न, १ (पूर्ण जागी) ते ९ (झोप अनावर).

दिवस कुठे कापता त्यावर बरंच अवलंबून आहे. मध्यरात्री कापला तर रात्रीची झोप दोन तारखांत विभागते, दुपारी १२ ला कापला तर नाइटनंतरची सकाळची झोप विभागते. संध्याकाळी ६ ते संध्याकाळी ६ असा दिवस धरा, दोन्ही अखंड राहतात. तयार बँडमध्ये हे बहुधा बदलता येत नाही. शिवाय निश्चल पडून राहिलेला वेळ ते झोपेत धरतात आणि छोट्या डुलक्या गाळतात. म्हणून कच्ची नोंद बाहेर काढता येते का ते खरेदीआधी तपासा.

सुरुवातीचं आणि शेवटचं मोजमाप चक्राच्या एकाच टप्प्यावर घ्या. आधी नाइटच्या आठवड्यात आणि नंतर सकाळपाळीत मोजलंत तर काहीही न करता झोप "सुधारलेली" दिसेल. तुलनेसाठी चिठ्ठ्या टाकून निम्मे वॉर्ड आधी आणि निम्मे नंतर सुरू करा. एकाच वॉर्डात दोन गट पाडले तर मेसेज चहाच्या सुट्टीतच एकमेकींना दाखवले जातात. आणि मधेच सोडून गेलेल्यांना हिशेबातून वगळू नका. सर्वांत थकलेल्याच बहुधा आधी सोडतात, उरलेल्यांचा निकाल मग खऱ्यापेक्षा चांगला दिसतो.

परिचर्या_समन्वय

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रमवारी आणि १० ची सूचना काढली. आणखी दोन शंका. दुपारपाळी रात्री ९ ला संपून लगेच दुसऱ्या दिवशी ७ ची सकाळपाळी असं आमच्याकडे लागतं, त्या रात्री काय पाठवायचं? आणि आठवड्याला एकूण मेसेज किती?

निद्रामापन

मधे १० तास आहेत. प्रवास, जेवण, आंघोळ आणि सकाळची तयारी वजा केली की पलंगावर जेमतेम ६ तास, त्यातली खरी झोप ५-साडेपाच. हे मेसेजने सुटणारं नाही. त्या रात्री एकच ओळ पाठवा: "उद्याची तयारी आत्ताच करून ठेवा, दुपारी घरी गेल्यावर ३० मिनिटं झोप, उद्या व्यायामाला सुट्टी." खरं काम दुसरीकडे आहे. ११ तासांपेक्षा कमी अंतराच्या अशा जोड्या ॲपला मोजायला लावा आणि वॉर्डनिहाय आकडा दर महिन्याला लिस्ट लावणाऱ्यांना द्या, नावं न देता. पाळ्यांचा क्रमही सकाळ, दुपार, नाइट असा पुढे सरकणारा मागा. शरीराचं घड्याळ २४ तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं.

मेसेज आठवड्याला ३ ते ४, एका मेसेजमध्ये एकच कृती, आणि ती कृती करता येईल अशाच वेळी.

तयार निद्रानाश-ॲपबद्दल एक इशारा. त्यांतली बरीच "रोज एकाच वेळी उठा" यावर उभी असतात आणि पलंगावरचा वेळ मुद्दाम कमी करायला लावतात. ती पद्धत चांगली आहे, पण नाइट करणाऱ्या आणि नंतर गाडी चालवत घरी जाणाऱ्या माणसाला देखरेखीशिवाय देणं धोक्याचं आहे. तो भाग बंद करता येत नसेल तर साधे मेसेज बरे.

आकडे_आणि_आलेख

एक राहिलं. पहिल्याच दिवशी निद्रानाश तीव्रता मापक घ्या, ७ प्रश्न, ० ते २८. गुण १५ किंवा जास्त असतील तर ॲपच्या भरवशावर न ठेवता डॉक्टरांकडे पाठवा. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, गाडी चालवताना डोळा लागणं, यांपैकी काही असेल तर गुण न बघता त्याच आठवड्यात. झोपेच्या गोळ्या आणि मेलाटोनिनबद्दल मेसेजमधून काहीही सुचवू नका. पाठवायचं कुणाकडे, त्या विभागाचा नंबर आणि वेळ कार्यक्रम सुरू होण्याआधी ठरवून ॲपच्या पहिल्या पानावर टाका, आणि ती वेळ नाइटवाल्यांच्या झोपेत येणार नाही एवढं बघा.